कुठंच न जाणारा पाइप

“अप्पा, आपला हा पाइप जातो तरी कुठं? आन् कुठंच जात नसंल, तर आपण त्याला दर सोमवारी भस्म कशाला लावतो?”

मित्रांनो, हा प्रश्न शिवप्रियाला तिच्या मैत्रिणींनी पैजेवर तिच्या वडिलांना विचारायला लावला होता. करिश्मा आणि मोनिका शाळेतून येताना पाणी प्यायला तिच्या घरी थांबल्या. परसात हौदाशेजारी उभा असलेला मी त्यांना दिसलो, आणि करिश्माला असं हसू फुटलं की तोंडातलं पाणी नाकातून आलं.

“अगं बया! पाइपाच्या कपाळावर तीन बोटं भस्म! ह्यो काय तुमचा देव हाय व्हय?”

“आमचे आज्जा लावायचे. म्हणून आमी लावतो,” शिवप्रिया म्हणाली.

“पर ह्याला वरनं टोपण हाय. ह्यातलं पाणी जातं कुठं?”

“कुठंच न्हाय, वाटतं.”

“मग विचार की अप्पांना! विचारलंस तर माझ्या दप्तराचं घुंगरू तुझं.”

“ही कसली विचारती,” मोनिका म्हणाली. “हिची हजेरी घेताना बाई अजून दोनदा नाव घेतात.”

“ते मागच्या वर्षी!” शिवप्रिया फणकारली.

तिचं खरं होतं. यंदा सव्वीस जानेवारीला ती पहिल्यांदा माईकसमोर उभी राहिली. पहिली दोन वाक्यं अडखळत बोलली आणि मग जी सुटली, ती सर येऊन माईक बंद करीपर्यंत थांबलीच नाही. तेव्हापासून तिचा आवाज घरातही मोकळा झालाय. आता ती म्हशीलासुद्धा भाषण देते. म्हैस ऐकते!

तर तो पाइप म्हणजे मी. मी एक जुना लोखंडी पाइप आहे. उंचीनं हातभर, जाडीनं तुमच्या मनगटाएवढा. खालून मोटरीच्या लाइनीला जोडलेला, वरून बंद. माझ्यातून पाणी कुठंच जात नाही. हसलात ना? हसा. मला सवय आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून आम्ही सगळे भाऊ ट्रकनं धाराशिवच्या एका दुकानात आलो. तेव्हा मी चांगला लांबलचक होतो. दुकानदारानं मला कापलं, माझा मोठा भाग कुणाच्या तरी बोअरला गेला, आणि उरलेला तुकडा म्हणून मी कोपऱ्यात पडलो. माझ्यात एक पाल राहायची. दुकानातलं गिऱ्हाईक पायानं मला बाजूला सारायचं. तुकड्याला कोण विचारतं?

मला विचारलं ते बेंबळीच्या गुंडप्पांनी. शिवप्रियाचे आज्जा. पांढरं धोतर, कपाळावर भस्म, आणि बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवायची सवय. त्यांनी मला उचललं, आरपार डोळा लावून पाहिलं, पालीला “चल बाई, घर खाली कर” म्हणाले आणि मला काखेत मारून एसटीत बसले. खिडकीची जागा मिळाली, ती त्यांनी मला दिली.

त्यांच्या घरची गोष्ट अशी होती. बेंबळीत त्यांच्या बोअरला पाणी होतं, पण मचूळ. भांड्यांवर पांढरा थर धरायचा आणि तुरीची डाळ कितीही शिजवा, दाणा न् दाणा वेगळा राहायचा. म्हणून गुंडप्पांनी घराच्या स्लॅबवरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून खाली आणलं, वाळू-कोळशाच्या पिंपातून गाळलं आणि परसातल्या बंद हौदात साठवलं. ते पाणी वर्षभर प्यायला आणि स्वयंपाकाला. त्याच्या डाळीला काय चव यायची! मी खाल्ली नाही, पण खाणाऱ्यांची तोंडं पाहिलीत.

पुढं हौदावर मोटर बसली. घरात नळ आले. आणि एक नवाच त्रास सुरू झाला. कुणी नळ बंद केला की भिंतीत आवाज व्हायचा, धाड! जणू आतून कुणी लाथ मारली. दोनदा जोड निखळला. तेव्हा नळजोडणी करणारे भागवत म्हणाले, “आज्जा, लाइनीवर एक बंद पाइप उभा करू. त्यात हवा राहील. हवेनं धक्का झेलला की जोड वाचतील.”

घरात कुणाला ते पटेना. तेव्हा गुंडप्पांनी सगळ्यांना माझ्यासमोर बसवलं.

“भरलेली बैलगाडी उतारानं निघाली,” ते म्हणाले, “आन् गाडीवानानं कासरा गच्चकन ओढला. बैल थांबले. पर गाडी थांबती व्हय?”

“न्हाय. बैलांच्या मानेवर येती,” त्यांचे चिरंजीव, म्हणजे अप्पा, म्हणाले.

“पाण्याचंबी तसंच. पळत येतंय, आन् तुमी म्होरं नळाचं दार लावता. मागचं पाणी धडकतंय. ते जोडाच्या मानेवर बसतंय. आता ते ह्या गड्याच्या पोटातल्या हवेवर बसंल. हवा दबंल, पाण्याला निवांत करंल, परत उभी राहील. ह्याच्या पोटात काय न्हाय, तेच ह्याचं काम.”

मित्रांनो, त्या दिवशी मला माझी किंमत कळली. दुकानात मी ‘नुसता पोकळ तुकडा’ होतो. इथं मला माझ्या पोकळीसाठीच आणलं होतं! मला टोपण बसलं, पायाशी पाणी अडवायचा एक कॉक आणि त्याच्या जरा वर, माझ्या बुडालाच, छोटं बूच बसलं. मोटर चालू झाली. नळ बंद झाला. धक्का आला, थेट माझ्या पोटात. गुदगुल्या झाल्या. भिंत गप्प राहिली.

माझ्या कामाला एक अट होती. पाणी हळूहळू हवा खातं. साखर चहात विरघळावी तशी माझी हवा पाण्यात विरत जाते आणि तिच्या जागी पाणी चढतं. म्हणून मधूनमधून मला रिकामं करावं लागतं. गुंडप्पांच्या घरी सोमवारी बैल जुंपत नाहीत, तो बसवाचा, म्हणजे नंदीचा वार. गुंडप्पा म्हणायचे, “बैलाला सुट्टी, मग ह्यालाबी.” महिन्यातल्या एका सोमवारी ते मोटर बंद करायचे, नळ उघडून लाइनीतला दाब सोडायचे, माझा कॉक मिटायचे आणि बूच काढायचे. माझ्यातलं पाणी गळुक गळुक करत पडायचं आणि मी हवा ओढायचो, हुऽऽऽ! खाली हात धरायला छोटी शिवप्रिया टपलेलीच असायची. ती त्या पाण्यात बाहुलीला न्हाऊ घालायची.

“आज्जा, हा आवाज कशाचा?”

“श्वास घेतोय त्यो.”

मग ते बूच लावायचे, कॉक उघडायचे आणि पूजेतलं उरलेलं भस्म माझ्या कपाळाला तीन बोटांनी ओढायचे. माझी सुट्टी संपली, असा त्याचा अर्थ.

पुढं गुंडप्पा गेले.

पहिल्या सोमवारी अप्पा माझ्यासमोर आले. मग त्यांनी बोटं भस्मात बुडवली आणि माझ्या कपाळाला ओढली. त्यानंतर त्यांनी एकही सोमवार चुकवला नाही. इतकं प्रेम कुठल्या पाइपाला मिळालं असेल? पण मित्रांनो, बूच कुणी उघडलं नाही. आज्जा बूच उघडायचे तेव्हा अप्पा गावात त्यांच्या पिठाच्या गिरणीवर असायचे आणि अव्वा, म्हणजे शिवप्रियाची आई, चुलीपाशी. त्यांनी दर वेळी पाहिलं होतं ते एकच, माझ्या कपाळावरचं ओलं भस्म. तेवढं त्यांनी जिवापाड जपलं.

आणि मी? कपाळाला भस्म, पोटात पाणी. चढत चढत ते माझ्या टोपणाला टेकलं. माझ्या आत हवेचा एक बुडबुडा राहिला नाही.

त्यातच अप्पांनी नवी मोटर आणली. नळ उघडला की आपोआप चालू, बंद केला की आपोआप बंद. जुने फिरकीचे नळ काढून दांडीचे नळ बसवले, एका झटक्यात मिटणारे. अव्वाला ते फार आवडले. अव्वाचं नाव नागम्मा, कर्नाटकातल्या आळंदच्या बाजूची. पाण्याच्या बाबतीत अशी काटेकोर की घागर काठोकाठ भरली की ओरडणार, “साकू!” तिच्या माहेरच्या कानडीत साकू म्हणजे पुरे. आणि साकू म्हणता म्हणता दांडी खाली. टक्! एक थेंब वाया जाऊ द्यायची नाही. मुलींनाही तिनं तेच शिकवलं होतं. सगळं घर असं झटक्यात नळ मिटायचं, पाणी वाचावं म्हणून. आणि प्रत्येक ‘साकू’ला भिंतीत धाड! मी मध्ये उभा असूनही. मला किती वाईट वाटायचं, सांगू? कुणी धावत आपल्याकडं यावं आणि आपल्याला त्याला झेलता येऊ नये, असं.

तर अशा वेळी शिवप्रियानं तो प्रश्न विचारला. अप्पा गिरणीवरून आले होते, भुवयांवर पीठ होतं.

“आज्जा लावायचे म्हणून लावतो.”

“पर आज्जा का लावायचे?”

“शिवे, मोठ्या माणसाच्या भक्तीला का विचारत न्हाईत.”

शिवप्रियानं घुंगरू जिंकलं. उत्तर मात्र मिळालं नाही, आणि ते तिला बोचत राहिलं. घुंगरू तिनं खिडकीत टांगलं आणि येता-जाता माझ्याकडं डोळे बारीक करून बघायला लागली.

घरात तेव्हा वेगळीच लगबग होती. तिची मोठी बहीण मंजुषा, तिची मंजूअक्का, पहिल्या बाळंतपणाला येणार होती. अव्वा रोज हौदात काठी घालून पाणी बघायची. बाळाच्या आंघोळीला, बाळंतिणीच्या जेवणाला पावसाचंच पाणी हवं. मचूळ पाणी नको. उन्हाळा चढत होता आणि हौदात होतं ते आषाढापर्यंत पुरवायचं होतं. काठी बाहेर काढली की अव्वा ओलं टोक दोन्ही डोळ्यांना लावायची.

बाजारचा दिवस होता. सगळे बाहेर पडायच्या गडबडीत. अव्वानं जाता जाता शेवटची घागर भरली. “साकू!” टक्! पाणी धावत आलं आणि माझ्या पोटावर आदळलं. माझ्या पोटात जागा असती तर मी त्याला कुशीत घेतलं असतं. पण जागा नव्हती. ते तसंच उलटं वळलं आणि न्हाणीच्या भिंतीमागच्या एल्बोवर, म्हणजे पाइपाच्या कोपरावर, बसलं. कोपराला बारीक चीर गेली. कुणाला ऐकू आलं नाही. दाराला कुलूप लागलं. मग चीर वाढली, कोपर फुटला आणि लाइनीतला दाब पडला. मोटरीला वाटलं, कुणीतरी नळ उघडलाय. बिचारी आज्ञाधारक! ती सुरू झाली आणि हौदातलं पाणी उपसून गल्लीत ओतत राहिली.

मित्रांनो, मी ते सगळं उभ्या उभ्या पाहिलं. पाइपाला हाक मारता येत नाही.

शिवप्रियाची परीक्षा सकाळची होती. ती परतली तेव्हा गल्लीत कोंबड्या चिखल करून बसल्या होत्या. तिनं दप्तर फेकलं, कंपाउंडवरून उडी मारली आणि मोटरीचं बटण बंद केलं. मग झाकण उघडून हौदात काठी घातली. रोज छातीपर्यंत ओली होणारी काठी गुडघ्यापर्यंतच ओली आली. ती तशीच काठी धरून उभी राहिली. रडली नाही. पण माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला भस्मापेक्षा जास्त लागलं.

अव्वा आली. बाजाराची पिशवी हातातच राहिली.

“आमचं काय चुकलं? एक थेंब सांडू देत न्हाय मी!” ती पायरीवर बसली. “मंजूला सांगते, नको येऊ. तिकडंच राहा म्हणते. लेकरू आलं आन् रात-दिस पाइप फुटत बसला तर काय करायचं?”

“पहिलं बाळंतपण, अव्वा. अक्कानं तर बॅगपण भरली.”

“मग मला हौस हाय व्हय तिला नको म्हणायची?” अव्वानं पदर तोंडाला लावला.

अप्पा तडक वळले. आत गेले आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले. “लाइनीला जोड जेवढे जास्त, तेवढी फुटायची भीती. आधी हा मधला फुकटचा पाइप काढतो. मग बघू.” त्यांनी आधी माझ्यापुढं हात जोडले. “माफ करा, आज्जा,” म्हणाले. आणि करवत माझ्या पायाशी टेकवली.

“अप्पा, थांबा!”

शिवप्रियानं पाना उचलला होता. तिनं माझ्या पोटावर ठोकलं. थप्प. वर, टोपणाजवळ ठोकलं. थप्प.

“ऐकलं का? हा भरलाय.”

“पाइप हाय. भरणारच.”

“न्हाय, अप्पा. आज्जा होते तवा हा टण्णकन वाजायचा. माझ्या बाहुलीचं डोकं मी ह्यालाच आपटायचे, मला आठवतंय.” ती बोलता बोलता खाली बसली आणि तिची बोटं माझं बूच शोधू लागली. गंजाखाली बूच सापडलं. तिथंच ती थबकली. “बाहुलीला आंघोळ... अप्पा, आज्जा नुसतं भस्म लावत नव्हते! ते आधी ह्याचं पाणी काढायचे. भस्म शेवटाला! मी इथं खाली हात धरून बसायचे!”

अप्पांनी करवत खाली ठेवली.

तिनं नळ उघडून दाब सोडला, कॉक मिटला आणि पाना लावला. बूच हलेना. अप्पांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. दोघांनी जोर लावला. करर्र... आणि मग मी रडलो, मित्रांनो. लाल, गंजकं, कित्येक वर्षांचं साठलेलं पाणी गळुक गळुक करत खाली पडलं आणि मी हवा ओढली. हुऽऽऽऽ!

“श्वास घेतोय त्यो,” शिवप्रिया हळूच म्हणाली.

अप्पांनी डोळे पुसले. भुवईचं पीठ गालावर आलं. “भरलेली गाडी...” ते पुटपुटले. “मला तर त्यांनी समोर बसवून सांगितलं होतं. आन् मी नुसतं कपाळ रंगवत बसलो.”

“तुमी नसतं रंगवलं तर मी विचारलंच नसतं की!” ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत भागवतांनी नवा कोपर बसवला आणि लाइन भिंतीला पट्ट्यांनी घट्ट आवळली, म्हणजे ती थरथरणार नाही. जाताना मला एक टिचकी मारली. टण्ण! ऐकून मलाच बरं वाटलं.

पण शिवप्रियाचं समाधान झालं नव्हतं. तिनं खिडकीतलं घुंगरू काढलं आणि माझ्या गळ्यात बांधलं. “अव्वा, घागर भर.”

अव्वानं भरली. “साकू!” टक्! भिंत गप्प राहिली, पण माझ्या गळ्यातलं घुंगरू वाजलं. छुन्!

“ही झाली तुझी चुगली,” शिवप्रिया म्हणाली. “त्यानं झेललं, पर त्याला धक्का बसलाच. आता सावकाश मिट.”

“सावकाश मिटू? तेवढ्यात तांब्याभर पाणी सांडतंय की गं!”

“गाडीवान घराच्या दारात आल्यावर कासरा ओढतो का आधीपासनं? घागर गळ्यापर्यंत आली की दांडी फिरवायला लाग. ‘ओम नमः शिवाय’ म्हणत म्हणत. शिवाय म्हटलं की नळ बंद.”

अव्वानं तिच्याकडं रागानं बघितलं. मग दुसरी घागर लावली. पाणी गळ्याशी आलं तशी ती पुटपुटत दांडी फिरवू लागली. धार बारीक झाली, अजून बारीक. घागर काठोकाठ भरली आणि नळ मिटला. थेंब सांडला नाही. घुंगरू वाजलं नाही. परसात इतकी शांतता झाली की म्हशीचं रवंथ ऐकू आलं.

“अय्यो,” अव्वा म्हणाली. आणि हसली. मग अप्पांना नळ मिटायला लावलं. अप्पांच्या वेळी छुन् झालं, तेव्हा मायलेकी अशा हसल्या की काय सांगू!

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी कोपऱ्यात उभं असेल, ज्याचं काम दिसत नाही. त्याला हार घाला, भस्म लावा, मला आनंदच आहे. पण त्याच्या पोटात काय साठलंय, तेही अधूनमधून बघा. त्याला रिकामं व्हायला एखादा सोमवार द्या. आणि धावत्या पाण्यापुढं एकदम दार लावू नका. त्याला थांबायला जरा वेळ द्या. नळ सावकाश मिटा.

हे सगळं झालं तरी अव्वाच्या मनातली भीती गेली नव्हती. संध्याकाळी ती पायरीवर बसली, फोन हातात घेतला आणि मंजूअक्काचा नंबर काढला. अंगठा बटणावर थांबला होता. “हौद अर्धा गेला,” ती अप्पांना म्हणाली. “काय सांगू पोरीला?”

शिवप्रिया माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. एक हात माझ्या खांद्यावर. म्हणजे टोपणावर.

“ठेव तो फोन, अव्वा. मी अक्काला मघाशीच सांगितलंय. सोमवारी ये म्हटलंय.”

“सोमवारी? अगं, सोमवारी बैल जुंपत न्हाईत!”

“ती एसटीनं यायलीय. एसटीला बैल नसतात.” अप्पा हसायला लागले, पण तिनं हात वर करून त्यांना थांबवलं, अगदी माईकसमोर थांबवतात तसं. “अप्पा, अव्वा, ऐका. आपण तिघं आंघोळीला, भांड्याला बोअरचं पाणी घ्यायचं. हौदातलं फक्त प्यायला, शिजवायला, आन् अक्काला, बाळाला. मी काठी लावून बघितलंय, पुरतंय. आजपासनं हौद, मोटर आन् हा गडी माझ्याकडं. सोमवारी त्याचं पाणी मी काढणार, मग अप्पा भस्म लावतील. आन् बाळाची पहिली आंघोळ आज्जांनी साठवायला शिकवलेल्या पाण्यानंच व्हणार. ठरलं म्हणजे ठरलं!”